वजनाचा रकाना

शाळेतून निवृत्त होऊन मला दीड वर्ष झालं, तरी दुपारचा दीड वाजला की माझ्या पोटात कावळे ओरडतात. ती आमच्या मोठ्या सुट्टीची वेळ. आता घरी मी बाराला जेवू शकते, दोनला जेवू शकते, कोणी विचारणारं नाही. पण दीड वाजला की हात आपोआप डबा शोधतो. मुलगा हसतो, म्हणतो, "आई, घंटा झाली वाटतं." झालीच असते मेली.

तीस वर्षं मी पनवेलच्या एकाच मराठी शाळेत शिकवलं. पहिली पाच वर्षं रोज वाटायचं, सोडावी ही नोकरी. पुढची पंचवीस कशी गेली ते कळलं नाही. खडूची भुकटी नाकात, गळ्यात कायमची खरखर, पायांच्या शिरा फुगलेल्या, आणि तरीही शाळेबाहेर पडले तेव्हा ढसाढसा रडले. आता सकाळी कोणी "बाई" म्हणून हाक मारत नाही, याचं मला जे काही होतं ते मी घरात कोणाला सांगत नाही. भाजीवाली मला "काकी" म्हणते. मला राग येतो.

आमची शिक्षकखोली लहान होती. लांबलचक टेबल, त्यावर वह्यांचे गठ्ठे, आणि त्या गठ्ठ्यांच्या मधल्या फटीत आमचे डबे. कोणाच्या डब्यात वालाचं बिरडं असलं की ते चमच्या-चमच्यानं सगळीकडे फिरायचं. गप्पा रंगायच्या, पण पाणी मात्र कोणी पीत नसे. हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. बायकांचं स्वच्छतागृह मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, आणि एक तास संपला की पुढच्या वर्गाच्या दारात लगेच उभं राहायचं. मधे वेळच नाही. म्हणून आम्ही सगळ्याजणी पाणीच पीत नव्हतो. वर त्याची बढाई मारायचो! "सकाळपासून घोटभरसुद्धा नाही घेतलं गं," असं एकजण म्हणाली की दुसरी म्हणायची, "मी तर कालपासून." प्रत्येकीच्या पर्समध्ये ॲसिडिटीची गोळी, निम्म्या जणींच्या पर्समध्ये प्रेशरची. दोघींना मुतखडे झाले. तरी आम्हाला तो नोकरीचाच भाग वाटायचा.

पण मला सांगायचं आहे ते वजनाबद्दल.

प्रगतिपुस्तक तुम्ही पाहिलं असेल. गुणांच्या खाली, शेऱ्याच्या वर दोन छोटे रकाने असतात, उंची आणि वजन. पालक ते वाचत नाहीत, मुलं तर नाहीच नाही. पण ते रिकामे ठेवता येत नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा त्या दोन रकान्यांसाठी शाळेत दोन दिवस धामधूम असायची. खेळाचे सर माणसं तोलायचा काटा उचलून वर्गात आणायचे. भिंतीवर फुटपट्टीनं खुणा केलेल्या असायच्या. मुलं चपला काढून रांगेत उभी. मुलगे खिशात दगड भरून यायचे, वजन जास्त दिसावं म्हणून. मुली श्वास रोखून धरायच्या, कमी दिसावं म्हणून. मी ओरडायचे, "ए पैलवान, खिसे रिकामे कर आधी!" आणि खिशातून गोट्या, चिंचा, कैरीची कोय, काय काय बाहेर पडायचं. सगळा वर्ग हसायचा, मीही हसायचे.

त्या दोन दिवसांत मला माझा वर्ग कळायचा. कोणाचे पाय भेगाळलेत, कोण सहा महिन्यांत ताडमाड वाढलाय, कोणाचा गणवेश मोठ्या बहिणीचा आहे. एकेक मूल माझ्यासमोर उभं राहायचं आणि मी त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघायचे. पुढे इतकं निवांत बघायला कधी मिळालं नाही.

कारण पुढे काटा बिघडला. दुरुस्तीला गेला तो आलाच नाही. वर्ग फुगत गेले, सत्तरच्या घरात. पनवेल वाढलं, इमारती वाढल्या, आणि आमच्याकडची कामंही वाढली. ही माहिती संगणकावर भरा, ती माहिती आज संध्याकाळपर्यंत द्या, त्याचे फोटो पाठवा. शिकवणं उरल्यासुरल्या वेळात. अशाच एका सहामाहीला मी काट्याची वाट बघत प्रगतिपुस्तकं अडवून बसले होते, तेव्हा शेजारच्या ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "अगं, कशाला जीव आटवतेस? वाढत्या वयाची मुलं आहेत. मागच्या आकड्यात दोन मिळव आणि मोकळी हो."

मी मोकळी झाले. त्यानंतर बरीच वर्षं मी अशीच मोकळी होत गेले. दिवाळीच्या सुट्टीत एका बाजूला चकलीची ताटली, एका बाजूला प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा. उंची अधिक तीन, वजन अधिक दोन. सत्तर मुलांचं काम तासाभरात. वहीत समास आखला नाही म्हणून अर्धा गुण कापणारी मी, या रकान्यापाशी माझा हात एकदाही अडखळला नाही. सगळेच असं करत होते, म्हणून त्याला कोणी खोटं म्हणत नव्हतं. आम्ही त्याला "रकाने भरणं" म्हणायचो.

ही गोष्ट माझ्या शेवटच्या काही वर्षांतली आहे. दहावीचा वर्ग होता. त्यात उरणकडच्या एका गावची मुलगी होती, तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसणारी. तिच्या आजोबांपर्यंत घरी मिठागर होतं. आता वडिलांचे ट्रक द्रोणागिरीच्या गोदामांना लागलेले. घर दुमजली, अंगणात गाडी, पण बोलणं अजून जुनंच. नववीलाही मीच तिची वर्गशिक्षिका होते. गणितात हुशार आणि तोंडानं फटकळ. माझ्या वह्यांचा गठ्ठा शिक्षकखोलीत न्यायचं काम तिनं स्वतःहून घेतलं होतं. वाटेत मला म्हणायची, "बाई, तुमचा आवाज बसलाय. तुम्ही पाणी का पीत नाही?" मी म्हणायचे, "तू तुझा भूमितीचा सिद्धांत बघ."

तिचा दिवस ऐकून मलाच दमायला व्हायचं. सहाला घर सोडायचं. सात ते साडेनऊ पनवेलला क्लास. पावणेअकराला शाळा. पाचला शाळा सुटली की सहा ते आठ पुन्हा क्लास. घरी पोचून जेवायला नऊ. वर्गातल्या निम्म्या मुलांचं असंच होतं. सकाळच्या तासाला डोळे लाल, दुपारच्या तासाला जांभया. डब्यातली पोळी तशीच परत, आणि क्लासच्या वाटेवर वडापाव. मी रागवायचे, पण काय म्हणून रागवणार? संध्याकाळी मीही वडापाव खाऊनच घरी जायचे.

दिवाळीनंतर ती बदलली. आता मागे वळून बघताना सगळं एका ओळीत दिसतं, तेव्हा दिसत नव्हतं. ती एका तासात दोनदा हात वर करायची. "बाई, जाऊ?" परत यायची आणि बाटली तोंडाला लावायची. बाटली संपली की शेजारणीची. मुली तिला "टँकर" म्हणायला लागल्या. मी म्हणाले, "आत्ताच जाऊन आलीस ना? पाणी कमी पी म्हणजे सारखं जावं लागणार नाही. माझ्याकडे बघ, मी दिवसभर थांबते की नाही!" वर्ग हसला. ती पण हसली आणि खाली बसली. हे वाक्य मी बोलले होते, आणि ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

नोव्हेंबरच्या शेवटी पालकांना प्रगतिपुस्तकं दाखवायचा शनिवार होता. तिची आई आली. हातात पिशवी, डोक्यावरून पदर, पायांत नवीन बूट. सही करून झाल्यावर ती उठेना. म्हणाली, "बाई, एक इचारू? पोरगी मला वालल्यासारखी दिसतंय. कपडं ढिलं झाल्यात. तुमाला काय वाटतं?"

मागे रांग लागली होती. मी तिच्या हातातलं प्रगतिपुस्तक उघडलं, वजनाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अहो, उलट वाढलंय. मागच्या वर्षी चव्वेचाळीस होतं, आता सेहेचाळीस. उंची वाढली की मुली बारीक दिसतात. दहावीचं टेन्शन असतं, दुसरं काही नाही."

मी तिला फसवत नव्हते, हीच मोठी नामुष्कीची गोष्ट आहे. तो आकडा मीच दिवाळीच्या सुट्टीत मनानं लिहिला होता, आणि त्या क्षणी तो मला खरा वाटला. माझ्याच अक्षरावर मी विश्वास ठेवला. मुलगी आईच्या मागे उभी होती. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

प्रगतिपुस्तक पिशवीत घालून आई गेली. तिचं समाधान झालं असेल, पण पुरतं नाही. दोन दिवसांनी ती पोरीला घेऊन गावाजवळच्या डॉक्टरांकडे गेली. तिथं काय झालं ते मला नंतर कळलं. मुलगी मात्र टॉनिकची बाटली दप्तरात घेऊन शाळेत यायला लागली.

डिसेंबरात आमची सहल असायची, दहावीची शेवटची, कर्नाळ्याला. जवळच म्हणून मुलं नाकं मुरडायची आणि तिथं पोचली की पाखरांपेक्षा जास्त कलकलाट करायची. मला ती सहल फार आवडायची. माकडांपासून डबे लपवणं, अंताक्षरीत एकाच अक्षरावर दोन गटांचं भांडण, आणि गडाच्या चढावर "बाई, तुम्ही बसा, आम्ही वर जाऊन हात करतो" म्हणणारी मुलं. त्या सहलींचे फोटो माझ्याकडे आहेत. त्या वर्षीचा फोटो मी बघत नाही.

त्या वर्षी ती वर गेलीच नाही. नववीत सगळ्यांच्या पुढे पळत गेलेली मुलगी पहिल्याच चढाला दगडावर बसली. "पाय दुखतात, बाई." मी म्हणाले, "एवढ्याशा वयात? क्लासला गाडीनं जाऊन जाऊन लाडावलात तुम्ही." ती माझ्याशेजारी बसून राहिली. येताना बसमध्ये तिला दोनदा उलटी झाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, बस लागली असेल म्हणून लिंबाची गोळी दिली. हाताला तिच्या पाठीची हाडं लागली. एकेक मणका मोजता आला असता. तेव्हा कुठे माझ्या मनात काहीतरी चरकलं. पण बस शाळेपाशी आली, मुलं मोजायची होती, पालक गेटवर उभे होते.

सोमवारी तिसरा बाक रिकामा होता. तिच्या गावची दुसरी मुलगी म्हणाली, "बाई, तिला ॲडमिट केलंय. शुद्धीवर नाही."

शाळा सुटल्यावर मी धावत पनवेलच्या त्या रुग्णालयात गेले. आई अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसली होती. पोरीला मधुमेह निघाला होता, लहान वयात होतो तो. रक्तातली साखर इतकी चढली होती की यंत्रावर आकडाच उमटेना. डॉक्टर म्हणाले होते, अजून काही तास उशीर झाला असता तर हाती लागली नसती. सारखी तहान, सारखं बाहेर जाणं, थकवा, वजन उतरणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. वजन किती भरलं ते आईनंच सांगितलं. सदतीस.

मग ती रडत म्हणाली, "आमाला तरी कसं कलनार, बाई? आमी डाक्टरकडं नेलीवती. त्यानं इचारलं, वजन कमी झालंय का? मी बोलली, नाय, वाढलंय. तुमचं लिवलेलं काढून दावलं ना त्यांना. मंग ते बोललं, परीक्षेचं टेन्शन हाय, आन् टानिक दिलं."

मी तिचा हात धरून बसले. घरी गेले, जेवले नाही. त्या डॉक्टरांनी काट्यावर उभं करायला हवं होतं, असं मी मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना. त्यांच्या दारात रुग्णांची रांग, माझ्या दारात पालकांची रांग. दोघांनीही मान वर केली नव्हती. पण आकडा माझा होता. पोरीचं काही बरंवाईट झालं तर काय, या भीतीनं मी तीन दिवस नुसती वर्गात उभी राहून आले. काय शिकवलं ते आठवत नाही.

चौथ्या दिवशी तिला साध्या खोलीत आणलं. मी गेले तेव्हा ती झोपली होती. आईनं मला बाहेर बसवून थर्मासमधला चहा दिला. तो हातात धरूनच मी सांगून टाकलं. की शाळेत काटा नाही. की मी वजन केलंच नव्हतं. की मागच्या आकड्यात दोन मिळवून लिहिलं होतं.

तिनं विचारलं, "म्हंजी माझ्या पोरीचं वजन केलंच नाय?"

"नाही."

"मंग कुनाचं केलं?"

"कुणाचंच नाही."

तिनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "बाई, आमी शिकलेलो नाय," ती म्हणाली. "तुमी लिवलेलं आमी देवाचं धरतो. परत कुना पोरीचं असं करू नका." आणि उठून आत गेली. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते. तिनं शाळेत तक्रारसुद्धा केली नाही.

मग मीच मुख्याध्यापकांकडे गेले. ते भले गृहस्थ. म्हणाले, "बाई, सगळेच तसं करतात. मनाला लावून घेऊ नका. प्रेशर वाढेल तुमचं." मला इतका संताप आला की मी नमस्कारही न करता बाहेर पडले. त्याच संध्याकाळी बाजारातून काटा विकत आणला, आणि दुसऱ्या दिवशी बीजगणिताचे दोन तास बाजूला ठेवून अख्खा वर्ग तोलला. शिक्षकखोलीत कुजबूज झाली. "पोर्शन कोण पुरा करणार?" "हिला आता डॉक्टर व्हायचंय." पण आठवडाभरात त्यातल्याच तिघीजणी काटा मागायला आल्या. मी तासाच्या मधे मुलांना पाणी प्यायला लावायला लागले आणि त्यांच्यादेखत स्वतःही पिऊ लागले. जायची वेळ आली की सरळ वर्गाला सांगून मैदान ओलांडायचे. आता लिहिताना वाटतं, इतकी साधी गोष्ट मी करावी म्हणून एका पोरीचा जीव टांगणीला लागावा लागला.

ती जानेवारीच्या मध्यावर परत आली. दप्तरात इन्सुलिनचं पेन, वेळेवर खायचा डबा. मुली आता तिला टँकर म्हणत नव्हत्या, उलट छोटी सुट्टी झाली की चारजणी मिळून "खाल्लंस का?" म्हणून तिच्या मागे लागायच्या. हल्ली ती कॉलेजात आहे, भाजी बाजारात भेटते तेव्हा अजून मला "बाई" म्हणूनच हाक मारते, आणि माझा तो दिवस चांगला जातो. पण त्या जानेवारीत मी तिची नजर चुकवत होते. काट्यावर उभी राहिली तेव्हा एकेचाळीस भरलं, ते मी लिहिलं, आणि वर बघितलं नाही.

तास संपल्यावर तिनं नेहमीसारखा वह्यांचा गठ्ठा उचलला. व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. मी थांबले आणि म्हणाले, "तुझ्या आईला मी सांगितलंय. तुलाही सांगायला हवं. ते वजन मी..."

"मला माहीत होतं, बाई."

"आईनं सांगितलं?"

"नाही. आधीपासूनच. आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं." तिनं गठ्ठा दुसऱ्या हातावर घेतला. "वर्गात काटा कधी आलाच नव्हता ना."

मला कळेना. मी विचारलं, "अगं, मग त्या डॉक्टरांसमोर का नाही बोललीस? आई पुस्तक दाखवत होती तेव्हा तू तिथंच होतीस ना?"

ती जराशी गोंधळली. इतकं उघड असलेलं बाईंना कसं समजत नाही, असं तिला वाटलं असावं.

"आई म्हणाली ना, आमच्या बाईंनी लिहिलंय म्हणून. मग परक्या माणसासमोर मी कसं म्हणणार, आमच्या बाई खोटं लिहितात?"

एवढं बोलून ती शिक्षकखोलीत शिरली आणि गठ्ठा टेबलावर ठेवून आपल्या वर्गाकडे गेली. मी व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. घसा कोरडा पडलेला, अंगात उभं राहायचं त्राण नाही, वजन सदतीसकडे उतरत चाललेलं, आणि तशा अवस्थेत ती पोर डॉक्टरांच्या बाकावर तोंड मिटून बसली होती, माझी अब्रू सांभाळत.